मेलॅनोमा : शरीरस्थानपरत्वे भेद

मेलॅनोमा : (मारक कृष्णार्बुद). त्वचा, केस व डोळे यांना रंग देणारे मेलॅनीन हे काळपट तपकिरी रंगद्रव्य ज्या कोशिकांत (पेशींत) तयार होते, त्या रंजक कोशिकांपासून उद्‌भवणाऱ्या मारक अर्बुदास (गाठीस) मेलॅनोमा म्हणतात. त्वचेच्या इतर कर्करोगांच्या मानाने हा विरळा असला, तरी त्याचा प्रसार लवकर होत असल्यामुळे त्वचेच्या कर्करोगांमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी मोठा वाटा त्याचा असतो. मूळ कोशिका एकच असली, तरी अर्बुद शरीराच्या कोणत्या भागात उत्पन्न झाले यावर त्याची कारणे, स्वरूप, प्रसाराचा मार्ग, औषधांना मिळणारा प्रतिसाद व फलानुमान (रोगाच्या परिणामाविषयीचा अंदाज) ही सर्व अवलंबून असतात. सर्वसाधारण पाठ्यपुस्तकांतील वर्णन मुख्यतः गौरवर्णीय लोकांच्या, उन्हाने भाजलेल्या त्वचेवरील अर्बुदाचे असते. महाराष्ट्रातील रुग्णांत मात्र ते तळपाय, नखाखालील जागा, तोंड, नाक, गुदद्वार व डोळा अशा वेगळ्याच ठिकाणी अधिक आढळते. त्यामुळे स्थानपरत्वे होणारे भेद येथील वाचकाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे ठरतात.

रंजक कोशिका व त्यांची स्थाने : गर्भाच्या वाढीच्या आरंभी, ज्या भागापासून पुढे मेंदू व मेरुरज्जू तयार होतात त्याच्या कडेला कोशिकांचा एक पट्टा असतो, त्याला तंत्रिका शिखा म्हणतात. रंजक कोशिका या शिखेतून निघून सर्व शरीरभर स्थलांतर करतात. त्यांतील बहुसंख्य कोशिका बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या थरात व केसांच्या मुळाशी स्थिरावतात. काही डोळ्याच्या रंजितपटलात (श्वेतपटल व जालपटल यांमधील रक्तवाहिन्यायुक्त पटलात), काही अंतर्कर्णात, काही मस्तिष्कावरणात, तर काही तोंड, नाक, गुदद्वार व जननमार्ग यांच्या श्लेष्मकलास्तरात (बुळबुळीत अस्तरात) जाऊन राहतात. जेथे जेथे या कोशिका असतात, तेथे तेथे मेलॅनोमा होण्याचा संभव असतो.

त्वचेतील रंजक कोशिका आपल्या शाखांवाटे मेलॅनिनाचे कण आसपासच्या कोशिकांना पुरवितात. हे कण सूर्यप्रकाशातील जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगाच्या पलीकडील) किरण शोषून घेतात आणि कोशिकाकेंद्रातील आनुवंशिक द्रव्याचे रक्षण करतात. गोऱ्या व काळ्या त्वचेतील रंजक कोशिकांची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो रंगद्रव्याचा प्रकार, कणांचा आकार व त्यांची वाटणी यांत. सावळ्या त्वचेतील कण मोठे व सुटे सुटे पसरलेले असल्यामुळे तिला मिळणारे संरक्षण अधिक असते.

इतिहास : स्कॉटिश शस्त्रक्रियाविशारद जॉन हंटर (१७२८–९३) यांनी १७८७ मध्ये एका रुग्णाच्या जबड्यामागील काळी गाठ काढली. तिचे स्वरूप त्यांना उमगले नव्हते. परंतु तिचा जतन केलेला नमुना पुढे तपासला असता ती मेलॅनोमाची असल्याचे सिद्ध झाले. फ्रेंच वैद्य रने लाएनेक (१७८१–१८२६) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा एक स्वतंत्र रोग असल्याचे प्रतिपादन केले. इंग्लिश शस्त्रक्रियाविशारद जोनाथन हचिन्सन (१८२८–१९१३) यांनी १८८६ मध्ये नखाखालील मेलॅनोमाचे वर्णन करून तो नखुरड्यासारखा भासतो याकडे लक्ष वेधले. १९६९ मध्ये वॉलेस क्लार्क यांनी त्वचेतील अर्बुदाचे प्रकार व त्याच्या खोलीचे टप्पे ठरविले, तर १९७० मध्ये अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी अर्बुदाची मिलिमीटरांत मोजलेली जाडी हा फलानुमानाचा सर्वांत विश्वसनीय निकष असल्याचे दाखवून दिले. तळव्यावरील प्रकाराचे वेगळेपण रिचर्ड रीड यांनी १९७६ मध्ये स्पष्ट केले. २००५ च्या सुमारास अर्बुदांतील जीनांच्या (आनुवंशिक घटकांच्या) अभ्यासावरून स्थानपरत्वे दिसणाऱ्या या भेदांच्या मुळाशी जीनांतील भिन्न बदल असल्याचे दिसून आले.

प्रमाण : २०२२ मध्ये जगात त्वचेच्या मेलॅनोमाचे सु. ३·३ लाख नवे रुग्ण आढळले व ५८ हजारांहून अधिक रुग्ण दगावले, असा अंदाज आहे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांत, उत्तर यूरोपातून आलेल्या गौरवर्णीयांची मोठी वस्ती व प्रखर ऊन यांमुळे, हे प्रमाण जगात सर्वाधिक आहे. भारतात ते वर्षाला दर लाख लोकसंख्येमागे एकाहूनही कमी आहे. मुंबई येथे १९६३ साली सुरू झालेली कर्करोग नोंदणी ही भारतातील लोकसंख्याधिष्ठित नोंदण्यांत पहिली असून, सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ पासून चाललेली नोंदणी ग्रामीण भागासाठी महत्त्वाची मानली जाते. अशा नोंदण्यांतील कोष्टके वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक असते. ‘त्वचेचा मेलॅनोमा’ या सदरात फक्त त्वचेवरील अर्बुदे येतात. गुदाशय, नाक, तोंड व डोळा यांतील मेलॅनोमांची गणना त्या त्या इंद्रियाच्या कर्करोगात होते. भारतात अशा अंतर्भागातील अर्बुदांचा वाटा मोठा असल्यामुळे, केवळ त्या एका सदरावरून रोगाचे पूर्ण चित्र मिळत नाही.

उघड्या त्वचेवरील प्रकार : गौरवर्णीयांतील त्वचा-मेलॅनोमाचेही स्थानपरत्वे दोन गट पडतात. चेहरा, कान, मान यांसारख्या सदैव उन्हात राहणाऱ्या भागांवर तो बहुधा उतारवयात होतो. आरंभी सपाट, तपकिरी, वेड्यावाकड्या कडेचा डाग दिसतो. तो वर्षानुवर्षे आडवा पसरतो व पुढे केव्हातरी खोल जाऊ लागतो. याउलट पुरुषांची पाठ व स्त्रियांचे पाय यांवर, म्हणजे एरवी झाकलेल्या पण सुटीच्या दिवशी एकाएकी उन्हात उघड्या पडणाऱ्या त्वचेवर, तो तरुण व मध्यम वयात होतो. अशा व्यक्तींच्या अंगावर पुष्कळदा तिळांची संख्या जास्त असते. ह्या दुसऱ्या गटातील बऱ्याच अर्बुदांत ‘बीआरएएफ’ या जीनात उत्परिवर्तन (एकाएकी होणारा आनुवंशिक बदल) आढळते; पहिल्या गटात ते कमी प्रमाणात दिसते. दोन्ही गटांत मात्र जंबुपार किरणांनी केलेल्या इजेच्या खुणा आनुवंशिक द्रव्यात मोठ्या संख्येने सापडतात. यांखेरीज गाठीच्या रूपाने वाढणारा एक प्रकार असतो. तो आडवा न पसरता थोड्याच महिन्यांत खोल उतरतो व त्यामुळे अधिक घातक ठरतो. डोक्याच्या त्वचेवरील अर्बुदाचे फलानुमान हातापायांवरील अर्बुदाच्या मानाने वाईट असते. केसांमुळे ते उशिरा दिसणे हे त्याचे एक कारण असावे.

तळपाय व तळहात : हा प्रकार सूर्यप्रकाशाशी निगडित नाही. तळव्याची त्वचा शरीरातील सर्वांत जाड असते. तिच्यावर ऊन क्वचितच पडते आणि पडले, तरी वरचा निबर थर जंबुपार किरणांना खाली जाऊ देत नाही. या अर्बुदांतील आनुवंशिक द्रव्यात जंबुपार किरणांच्या खुणा थोड्या असतात. त्याऐवजी गुणसूत्रांचे तुकडे होणे, ते चुकीच्या जागी जुळणे, काही जीनांच्या अनेक प्रती होणे असे मोठे बदल दिसतात. टाच व चवड्याचा भाग यांसारख्या शरीराचा भार पेलणाऱ्या जागी हे अर्बुद जास्त आढळते, असे जपानमधील अभ्यासात २०१६ मध्ये दिसून आले. त्यावरून सततचा दाब व घर्षण यांचा त्याच्याशी संबंध असावा, असे अनुमान करण्यात येते. तथापि ते निर्विवाद सिद्ध झालेले नाही.

सावळ्या व काळ्या वर्णाच्या लोकांत तळव्यावरील मेलॅनोमा अधिक होतो, अशी समजूत आहे. वस्तुतः त्याचे लोकसंख्येशी असलेले प्रमाण निरनिराळ्या वर्णांच्या लोकांत फारसे भिन्न नसते. अमेरिकेतील नोंदींत ते वर्षाला दर दहा लाखांमागे दोनहून थोडे कमी आढळले. फरक पडतो तो वाट्यात. गौरवर्णीयांत उन्हाशी निगडित अर्बुदे विपुल असल्यामुळे तळव्यावरील अर्बुदांचा वाटा शेकडा पाचाहून कमी भरतो. आशियाई व आफ्रिकी लोकांत पहिला गट जवळजवळ नसल्यामुळे तोच वाटा पुष्कळ मोठा होतो. थोडक्यात, मेलॅनिनाचे छत्र उन्हापासून होणाऱ्या मेलॅनोमापासून रक्षण करते. उन्हाशी संबंध नसलेल्या मेलॅनोमापुढे ते निरुपयोगी ठरते.

प्रारंभी तळव्यावर तपकिरी किंवा काळा, कडा अस्पष्ट असलेला सपाट डाग दिसतो. तो दुखत नाही व खाजतही नाही. काही महिने वा वर्षे गेल्यावर त्यात उंचवटा येतो, त्वचा फुटते, व्रण होतो व त्यातून रक्त येते. काही अर्बुदांत रंगद्रव्य तयार होत नाही. ती लालसर मांसांकुरासारखी दिसतात व बरी न होणारी जखम म्हणून त्यांवर दीर्घकाळ मलमपट्टी होत राहते.

नखाखालील मेलॅनोमा : हा बहुधा हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याच्या नखात होतो. नखाच्या मुळाशी असलेल्या कोशिकांपासून सुरुवात होत असल्यामुळे नखावर उभी काळी किंवा तपकिरी रेघ उमटते. भारतीयांत अनेक नखांवर अशा बारीक रेघा असणे ही सामान्य व निरुपद्रवी गोष्ट आहे. प्रौढ वयात एकाच नखावर नव्याने दिसू लागलेली, रुंद होत जाणारी, एकसारखा रंग नसलेली रेघ मात्र संशयास्पद असते. काळेपणा नखाबाहेर, नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेवर पसरला असल्यास तो मेलॅनोमाचा महत्त्वाचा सूचक मानतात. हचिन्सन यांच्या नावाने हे चिन्ह ओळखले जाते. ठेच लागून नखाखाली साकळलेले रक्त नखाच्या वाढीबरोबर पुढे सरकते व काही महिन्यांत नाहीसे होते. मेलॅनोमाची रेघ मुळापासून तशीच राहते. जमेकाचे विख्यात गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याला झालेली अशी विकृती प्रथम फुटबॉल खेळताना झालेली इजा समजली गेली. १९७७ मध्ये तिचे निदान झाले व १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

श्लेष्मकलास्तरातील मेलॅनोमा : नाक व त्याभोवतालच्या अस्थिविवरांतील (हाडांतील पोकळ्यांतील) अर्बुदामुळे एका नाकपुडीचा अडथळा व वारंवार घोळणा फुटणे ही लक्षणे होतात. तोंडात ते बहुतेक वेळा टाळूवर किंवा वरच्या हिरडीवर होते. सावळ्या लोकांच्या हिरड्यांवर स्वाभाविक काळसर छटा असते आणि मिश्रीने दात घासण्याच्या सवयीमुळेही तोंडात डाग पडतात. म्हणून नवा, वाढणारा डाग त्यांतलाच समजला जाण्याचा धोका असतो. गुदाशय व गुदद्वार यांतील अर्बुदामुळे शौचावाटे रक्त पडते, काही तरी बाहेर आल्यासारखे वाटते. ही लक्षणे मूळव्याधीचीच असल्याचे गृहीत धरून दीर्घकाळ उपचार होतात. तेथील पुष्कळ अर्बुदांत काळा रंग डोळ्यांना दिसत नाही व सूक्ष्मदर्शकीय परीक्षेतच निदान होते. स्त्रियांत बाह्य जननेंद्रिय व योनिमार्ग येथेही ते होते. रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव हे त्याचे एक लक्षण असते.

ही सर्व स्थाने सूर्यप्रकाशापासून पूर्णतः अलिप्त आहेत. धूम्रपान वा विशिष्ट विषाणू यांसारखे कोणतेही एक कारण त्यांबाबत निश्चित झालेले नाही. काही अर्बुदांत ‘किट’ या जीनात उत्परिवर्तन आढळते. पृष्ठभागाखाली रक्तवाहिन्या व लसीकावाहिन्या यांचे दाट जाळे असणे आणि निदानास होणारा विलंब यांमुळे या गटाचे फलानुमान वाईट असते.

डोळ्यातील मेलॅनोमा : प्रौढांच्या डोळ्यात मूलतः उद्‌भवणाऱ्या मारक अर्बुदांत हे प्रमुख असून गौरवर्णीयांत ते अधिक आढळते. रंजितपटल, रोमक पिंड व कनीनिका (बुबुळाचा रंगीत पडदा) यांपैकी रंजितपटलात ते सर्वाधिक होते. दृष्टी अंधुक होणे, डोळ्यासमोर प्रकाश चमकल्यासारखा वाटणे किंवा दृष्टिक्षेत्राचा एखादा भाग न दिसणे ही त्याची लक्षणे होत. पुष्कळदा मात्र कोणतेच लक्षण नसते व डोळ्याच्या नेहमीच्या तपासणीतच ते सापडते. त्याच्या बहुतेक अर्बुदांत ‘जीएनएक्यू’ किंवा ‘जीएनए११’ या जीनांतील उत्परिवर्तन असते. ‘बीआरएएफ’मधील बदल जवळजवळ नसतो.

डोळ्याच्या आतील भागात लसीकावाहिन्या नसतात. त्यामुळे या अर्बुदाच्या कोशिका रक्तावाटे जातात व बहुधा यकृतात वस्ती करतात. मूळ अर्बुदावर यशस्वी उपचार झाल्यावर कित्येक वर्षांनीही यकृतात गाठी दिसू शकतात. याच डोळ्याच्या बाहेरील पांढऱ्या भागावर जे पातळ आवरण असते, त्यातील (नेत्रश्लेष्मातील) मेलॅनोमा मात्र त्वचेच्या मेलॅनोमाशी साम्य दाखवितो. त्याच्यावर ऊन पडते, त्यात ‘बीआरएएफ’ बदल आढळतो व त्याचा प्रसार प्रथम कानापुढील व मानेतील लसीका ग्रंथींत होतो. एकाच इंद्रियाच्या, काही मिलिमीटर अंतरावरील दोन पटलांत इतका फरक असणे हे स्थानमाहात्म्याचे उत्तम उदाहरण होय [→ डोळा].

मस्तिष्कावरणातील मेलॅनोमा अत्यंत विरळा आहे. काही थोड्या रुग्णांत केवळ लसीका ग्रंथीत किंवा अन्य इंद्रियात दुय्यम अर्बुद आढळते. मूळ स्थान अखेरपर्यंत सापडत नाही.

ग्रामीण महाराष्ट्रातील स्वरूप : वरील भेदांचे व्यवहारातील महत्त्व पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड या तालुक्यांच्या उदाहरणावरून समजेल. पर्जन्यच्छायेतील या प्रदेशात घोड व भीमा नद्यांचे काठ आणि कालव्यांखालील जमीन यांवर ऊस होतो. उरलेल्या भागात ज्वारी, बाजरी, कांदा व पशुपालन यांवर निर्वाह चालतो. येथील शेतकरी, शेतमजूर व हंगामात येणारे ऊसतोड कामगार वर्षातील बहुतेक दिवस उन्हात राबतात. पाठ्यपुस्तकी नियम लावला, तर त्यांच्या चेहऱ्यावर, मानेवर व दंडावर मेलॅनोमा दिसावयास हवा. तेथे तो सहसा दिसत नाही. अशा लोकांत त्याचा शोध घ्यावयाचा तो तळपाय व नखे यांवर.

परंतु तळपायाकडेच दुर्लक्ष होण्याची कारणे या जीवनक्रमात भरपूर आहेत. बाभळीचा काटा, उसाचे खुंट व कोयत्याच्या जखमा, पाणी धरताना अनवाणी चिखलात उभे राहणे, टाचांच्या भेगा, भोवऱ्या व कुरूप या नित्याच्याच बाबी होत. तळव्यावर काळा ठिपका दिसला, तर काटा मोडून आत राहिला असावा, असे मानून तो सुईने कोरून काढण्याचा प्रयत्न होतो. कुरूप समजून कापणे, चुना वा औषधी चीक लावणे, डाग देणे असे घरगुती उपाय केले जातात. जांघेत गाठ आली, तर पायाच्या जखमेमुळे ‘अवधाण आले’ असे म्हणून ती सोडून दिली जाते. जखमेमुळे लसीका ग्रंथी सुजतात हे खरेच आहे. पण पायाच्या मेलॅनोमाचा पहिला पडावही तीच ग्रंथी असते. साध्या जखमेचे अवधाण दुखते व जखम भरल्यावर ओसरते. कर्करोगाची गाठ बहुधा दुखत नाही, कठीण असते व वाढत राहते. काट्यामुळे मेलॅनोमा होतो असे मात्र सिद्ध झालेले नाही. काट्याच्या निमित्ताने पाय निरखून पाहिला जातो व आधीपासून असलेला डाग तेव्हा नजरेस पडतो, असेही घडते.

यास्तव तळव्यावरील काळा डाग किंवा व्रण काटा काढूनही व नेहमीचे उपचार करूनही सु. चार ते सहा आठवड्यांत बरा न झाल्यास, किंवा डाग वाढत असल्यास, तो तज्ञास दाखविणे आवश्यक असते. शिरूर व दौंड ही गावे पुण्यापासून साधारणतः ६५ ते ८० किमी. अंतरावर आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रातून तेथील रुग्णालयात व पुढे पुण्याच्या ससून रुग्णालयात किंवा मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना १९४१) रुग्णास पाठविता येते. हा प्रवास लांबीने मोठा नसला, तरी हंगामातील बुडणारी मजुरी व डाग दुखत नसल्याने वाटणारी निश्चिंती यांमुळे तो लांबणीवर पडतो. संत तुकारामांची पालखी दौंड तालुक्यातील यवत व वरवंड येथे मुक्काम करते, तेव्हा हजारो वारकऱ्यांच्या पायांच्या फोडांवर व जखमांवर मलमपट्टी केली जाते. पाय तपासण्याचा असा प्रत्येक प्रसंग तळवे व नखे पाहण्यास उपयुक्त ठरू शकतो.

निदान : त्वचेवरील डागाच्या बाबतीत दोन अर्धे भाग विषम असणे, कडा दातेरी असणे, रंगात विविधता असणे, व्यास सहा मिमी.हून अधिक असणे व डागात बदल होत जाणे ही लक्षणे संशय निर्माण करतात. तळव्याच्या त्वचेवर समांतर खाचा व उंचवटे असतात. भिंगयुक्त प्रकाशसाधनाने पाहिल्यास साध्या तिळाचा रंग बहुधा खाचांत साठलेला दिसतो, तर मेलॅनोमाचा रंग उंचवट्यांवर पसरलेला असतो. जपानी त्वचारोगतज्ञांनी प्रस्थापित केलेला हा निकष भारतीय रुग्णांतही उपयोगी पडतो. निश्चित निदानासाठी जीवोतक परीक्षा (ऊतकाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाने तपासणे) करावी लागते. शक्य तेथे संपूर्ण डाग थोड्याशा निरोगी कडेसह काढतात, म्हणजे जाडी अचूक मोजता येते. डाग वरवर खरवडल्यास किंवा जाळल्यास ही माहिती कायमची नष्ट होते. जीवोतक परीक्षेमुळे कर्करोग ‘पसरतो’ ही समजूत निराधार आहे. डोळ्यातील अर्बुदाचे निदान मात्र बहुतेक वेळा नेत्रतपासणी व श्राव्यातीत ध्वनिचित्रण यांवरूनच करतात.

चिकित्सा : त्वचेवरील अर्बुदासाठी शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय होय. अर्बुदाच्या जाडीनुसार सभोवारची एक ते दोन सेंमी. निरोगी त्वचा काढतात. १९९२ मध्ये डोनल्ड मॉर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या तंत्रानुसार, अर्बुदाकडून येणारी लसीका ज्या ग्रंथीत प्रथम पोहोचते ती प्रहरी ग्रंथी शोधून तपासतात. पायाच्या बाबतीत ही ग्रंथी बहुधा जांघेत व हाताच्या बाबतीत काखेत असते. तळव्यावरील जागा भरून काढण्यासाठी त्वचारोपण करावे लागते. नखाखालील रोग वरच्या थरापुरता असल्यास बोट वाचविता येते. खोल गेल्यास बोटाचा काही भाग काढावा लागतो. गुदाशयातील अर्बुदात संपूर्ण गुदाशय काढल्याने रुग्ण अधिक जगतो असे निर्विवाद दिसून आलेले नाही. म्हणून शक्य तेथे मर्यादित शस्त्रक्रिया करतात. डोळ्यातील मध्यम आकाराच्या अर्बुदासाठी डोळा काढणे व किरणोत्सर्गी चकती काही दिवस श्वेतपटलावर बसविणे या दोन्ही उपायांनी रुग्ण जगण्याचे प्रमाण सारखेच राहते, असे अमेरिकेतील विस्तृत अभ्यासात आढळले. अशा उपचारासाठी रूथेनियम–१०६ या समस्थानिकाची चकती मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने देशातच तयार केली आहे.

दूरवर पसरलेल्या रोगावर २०१० पर्यंत प्रभावी औषध जवळजवळ नव्हते. २०११ पासून प्रतिरक्षा यंत्रणेवरील (रोगप्रतिकारक संस्थेवरील) अटकाव दूर करणारी इपिलिमुमॅब, निव्होलुमॅब, पेंब्रोलिझुमॅब यांसारखी औषधे व ‘बीआरएएफ’ बदलावर नेमका मारा करणारी औषधे उपलब्ध झाली. येथेही स्थानभेद प्रत्ययास येतो. उन्हाने झालेल्या अर्बुदात उत्परिवर्तने असंख्य असल्यामुळे शरीरास परकी वाटणारी प्रथिने पुष्कळ असतात व प्रतिरक्षा यंत्रणा त्यांना ओळखते. तळवे व श्लेष्मकलास्तर यांतील अर्बुदात अशी प्रथिने थोडी असल्याने प्रतिसाद कमी मिळतो, तर डोळ्यातील अर्बुदात तो फारच कमी असतो. डोळ्यातील पसरलेल्या रोगासाठी विशिष्ट ऊतकप्रकार असणाऱ्या रुग्णांत उपयोगी पडणारे टेबेंटाफुस्प हे औषध २०२२ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ही औषधे अतिशय महाग आहेत. त्यामुळे सामान्य भारतीय रुग्णाच्या दृष्टीने रोग पातळ असतानाच शस्त्रक्रियेने काढून टाकणे हाच सर्वांत खात्रीचा व स्वस्त उपाय राहतो.

फलानुमान : त्वचेवरील अर्बुद एक मिमी.हून पातळ असताना काढल्यास बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात, चार मिमी.हून जाड असल्यास किंवा ग्रंथींत पसरल्यास ही शक्यता झपाट्याने घटते. अमेरिकेतील १९८६–२००५ या काळातील नोंदींनुसार त्वचेवरील सर्व मेलॅनोमांच्या रुग्णांपैकी सु. ९१ टक्के पाच वर्षांनंतर हयात होते. तळवे व नखे यांवरील प्रकारात हे प्रमाण सु. ८० टक्के होते. हा फरक बऱ्याच अंशी निदानाच्या वेळी असलेल्या जास्त जाडीमुळे पडतो. श्लेष्मकलास्तरातील प्रकारात पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण याहून पुष्कळच कमी आहे. तळव्याला ऊन लागत नसल्यामुळे तेथील रोग सावलीत राहून टळत नाही. तो केवळ लवकर ओळखता येतो. स्नानानंतर महिन्यातून एकदा दोन्ही तळवे, बोटांमधील बेचके व नखे उजेडात पाहणे, टाचेचा भाग स्वतःस न दिसल्यास घरातील दुसऱ्याकडून पाहून घेणे, आणि चाळिशीनंतर शौचावाटे पडणारे रक्त तपासणीवाचून मूळव्याधीचे न मानणे, एवढ्या साध्या सवयींनी निदानातील विलंब बराच टळू शकतो [→ कर्करोग, त्वचा].